नाडी ४२, अधूनमधून छातीत दणका, आणि तरी पळतोय. कुणाला अनुभव?

पहाटपळ्या

राम राम मंडळी.

मी परभणीचा, वय ४४, शाळामास्तर. सहा वर्षांपासून पहाटे कृषी विद्यापीठातल्या रस्त्यांवर पळतो. आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर होतात. दोन अर्धमॅरेथॉन झाल्यात. बीपी नाही, शुगर नाही, वजन ६४ किलो.

बसल्या जागी माझी नाडी ४२ ते ४६ असते. खोटं कशाला बोलू, याचं मला आजवर कौतुकच होतं. पण दोन महिन्यांपासून नवीनच चालू झालंय. रात्री डाव्या कुशीवर पडलं की छातीत एकदम काहीतरी थांबतं. बादली विहिरीच्या पाण्याला टेकली की हातातला दोर सैल पडतो ना, तसं. आणि मग एक जोरात दणका. वर्गात फळ्याकडं तोंड करून लिहितानाही दोनदा झालं. पळताना मात्र काही नाही, उलट बरं वाटतं.

परवा रात्री दोनला मनगटावरचं घड्याळ थरथरलं: हृदयगती दहा मिनिटांपासून ४० च्या खाली. बायको उठली. तेव्हापासून ती माझ्या छातीवर हात ठेवून झोपते आणि तिचा हात असला की मला झोप येत नाही.

एका डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि "नाडी फारच कमी आहे, अँजिओग्राफी करून टाका" म्हणाले. दुसऱ्यांनी तोच कागद बघून "गॅस आहे" म्हणत सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. एकाच कागदात एवढा फरक? पळणं थांबवू का? कुणाला असं झालंय का?

भाकरीपुरतं

सर, मे महिना चालू आहे. परभणीत तापमान ४२ आणि तुमची नाडी पण ४२. घड्याळ हवामान तर दाखवत नाही ना? 😄

गोदाकाठचा_सायकलवाला

भाकरीपुरतं, तुम्ही सुधरणार नाही.

सर, मी नांदेडचा, वय ३९. माझी ४६-४८ असते. तीन वर्षांपूर्वी विम्याच्या तपासणीत अडकलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी बघून भुवया वर केल्या आणि विचारलं, "चक्कर येते का?" म्हटलं नाही. "काय करता?" म्हटलं सायकल. त्यांनी मला दवाखान्याच्या तीन मजल्यांच्या पायऱ्या दोनदा चढायला लावल्या आणि वर आल्या आल्या परत नाडी मोजली. ११८. म्हणाले, "जा घरी. मागितल्यावर वाढते ना, मग झालं." घरी जाऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढ्यासाठी पाचशे रुपये?"

दणक्याचा मात्र मला अनुभव नाही. ते कुणीतरी जाणत्यानं सांगावं.

अर्जुनसाल

हा सगळा वाताचा खेळ आहे. जागरण, रात्रीचं जेवण, वर पहाटे उपाशीपोटी धावणं. अर्जुनसालीचा काढा दुधातून घ्या आणि घड्याळ काढून कपाटात ठेवा. आपल्या आज्यांना कुठं होती घड्याळं?

भाकरीपुरतं

आज्याचा आज्या ४८ व्या वर्षी गेला. कशानं गेला ते कुणालाच माहीत नाही. घड्याळ नव्हतं ना.

एमडी_मावशी

मी मेडिसिनची, लातूरला प्रॅक्टिस करते. इथं बसून निदान होत नाही हे आधीच सांगते. पण सरांनी फार नेमकं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर.

बसल्या जागी नाडी मिनिटाला ६० ते १०० असावी म्हणतात, तो आकडा ढोबळ आहे. रोज पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, त्यामुळं कमी ठोक्यांत भागतं. शिवाय व्हेगस नावाची नस ब्रेकवर पाय ठेवून असते, झोपेत जरा जास्तच. अशा माणसाची नाडी झोपेत ४० च्या खाली जाणं नवल नाही.

आता दणका. लोक म्हणतात ठोका चुकला. बहुतेक वेळा तो चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. वेळेआधी पडतो तेव्हा हृदयाचा कप्पा पुरता भरलेला नसतो, म्हणून त्या ठोक्याला जोर नसतो. कधीकधी तो मनगटापर्यंत पोचतही नाही. मग हृदय किंचित थांबतं, तेवढ्यात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका दणकून लागतो. तुम्हाला घाबरवतो तो हा पुढचा, निरपराध ठोका. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जवळ येतं म्हणून तिथं जास्त जाणवतं. आणि ठोके सावकाश पडत असले की मधल्या मोकळ्या वेळात असल्या आगाऊ ठोक्यांना शिरायला जागा मिळते. पळायला लागलात की नेहमीचे ठोकेच भराभर येतात, आगाऊंना जागा उरत नाही. पळताना बरं वाटतं ते यामुळं. हे चांगलं लक्षण आहे. पळताना वाढले असते तर मी वेगळं लिहिलं असतं.

घड्याळाचं म्हणाल तर त्याचा हिरवा दिवा कातडीखालून जाणारी रक्ताची लाट मोजतो, हृदयातली वीज नाही. लाट आलीच नाही तर तो ठोका त्याच्या हिशेबात नाही. एकाआड एक ठोका आगाऊ पडायला लागला तर हृदय ७० नं चाललेलं असतं आणि घड्याळ ३५ सांगतं! तेव्हा पुढच्या वेळी बोटं मनगटावर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय अशा वेळी दगा देते.

अँजिओग्राफीबद्दल: विहिरीवरची मोटर आठवा. पाइप चोंदणं हे एक दुखणं, स्टार्टर बिघडणं हे दुसरं. अँजिओग्राफी पाइप बघते, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या. तुमची तक्रार स्टार्टरची आहे, म्हणजे ठोके चालवणाऱ्या विजेची. त्यासाठी चोवीस तासांचा होल्टर लावतात, म्हणजे दिवसभर ईसीजी नोंदवणारी अंगावरची डबी. सोबत टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम. थायरॉइड मंद असला की नाडीही मंद होते आणि ही रक्ततपासणी साधी असून भलेभले विसरतात.

आता मला सांगा: भोवळ येऊन पडलात का कधी? पळताना छातीत दुखलं, नेहमीपेक्षा लवकर दम लागला? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? यातलं एक जरी हो असेल तर पळणं आजच बंद आणि हृदयरोगतज्ज्ञांकडं. भोवळ येऊन शुद्धच गेली तर १०८ ला फोन, इथं पोस्ट नाही.

पहाटपळ्या

मावशी, लई आभार. चारही प्रश्नांना नाही. होल्टर परभणीतच लावून मिळतोय, सोमवारी जातो.

कपाशीवाला_जालना

मावशी मोटरचं बरोबर बोलल्या. आमच्याकडं लाइट रात्रीची येती म्हणून स्टार्टर जास्त जळत्यात.

मी पळत बिळत नाही, पण नाडी कमी होण्याचा अनुभव मला बी हाय. दोन वर्षांमागं कपाशीवर फवारा मारायलो होतो. पंप पाठीवर, तोंडाला नुसता रुमाल, वारं उलटं. दुपारी मळमळ, डोळ्यापुढं धुरकट, लाळ गळायली, घाम तर असा की बनियन पिळून घ्यावं. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस चोळला. गावातल्यानं सलाइन लावली अन् तो बी ऊनच म्हणला. पुतण्या फार्मसी शिकलेला, त्यानं माझे डोळे बघितले, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. नाडी ४४. गाडीत टाकून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं अॅट्रोपिनची इंजेक्शनं देऊन देऊन नाडी वर आणली. चार दिवस होतो.

उन्हानं नाडी वाढती, औषधाच्या विषानं कमी बी होती, हे मला तिथल्या सिस्टरनं सांगितलं. तवापासून वारं बघून फवारतो अन् घरी आल्याबरोबर आंघोळ. कपडे बी वेगळे धुतो.

एमडी_मावशी

कपाशीवाले भाऊ, हे फार मोलाचं लिहिलंत. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचं हेच लक्षण. लाळ, घाम, बारीक बाहुल्या आणि मंद नाडी एकत्र दिसली की एक मिनिट घालवायचं नाही.

मुकुंदराजांच्या_गावची

मी अंबाजोगाईची, आता पुण्यात. माझ्या बाबांची गोष्ट सांगते. वय ६८. रोज मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत चालत जाणारा माणूस. मागच्या दिवाळीत अचानक "पायऱ्या चढवत नाहीत" म्हणायला लागले. नाडी ३८. गावात ईसीजी, शहरात ईसीजी, "पेसमेकर लागेल", म्हणजे छातीत ठोके देणारं यंत्र बसवावं लागेल, इथपर्यंत गोष्ट गेली. प्रत्येक डॉक्टर विचारायचे, "कुठल्या गोळ्या चालू?" बाबा ठामपणे, "एकही नाही." खरंच नव्हती.

मी गेले तेव्हा फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, एक छोटी बाटली दिसली. काचबिंदूचे थेंब, चार महिन्यांपासून. त्यावर टिमोलोल लिहिलेलं. बाबांच्या लेखी औषध म्हणजे गोळी, डोळ्यात घालायचं ते औषध कसलं! मी बाटलीचा फोटो हृदयाच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. डोळ्याच्या डॉक्टरांशी बोलून थेंब बदलले. आठवड्यात नाडी ६०. पेसमेकर राहिला. बाबा आता परत समाधीपर्यंत जातात, फक्त परत येताना चढ असतो म्हणून कुरकुरतात.

एमडी_मावशी

अगदी. टिमोलोल बीटा-ब्लॉकर आहे, म्हणजे ठोके मंद करणाऱ्या औषधांपैकी. डोळ्यात घातलं तरी नाकात उतरणाऱ्या नळीतून रक्तात जातं. चालू असेल तर थेंब टाकल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरायचं, म्हणजे कमी उतरतं. आणि कुणीही स्वतःच्या मनानं बंद करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

अर्जुनसाल

बघा, म्हणजे औषधानंच रोग. म्हणून म्हणतो झाडपाला बरा. आमच्या गावात एक बाबा कण्हेरीच्या मुळीचं पण देतात धडधडीवर.

एमडी_मावशी

अर्जुनसाल, ही शेवटची ओळ वाचून कुणी करून बघू नये म्हणून स्पष्ट लिहिते. कण्हेर हे विष आहे. मूळ, पान, फूल, बी, सगळं. हृदयाची विजेची वाट अडवतं, नाडी मंद करतं आणि जीव जातो. आम्ही वॉर्डात बघितलंय. अर्जुनसालीवर वाद घालायला मी कधीही बसेन, कण्हेरीवर नाही.

अर्जुनसाल

मी घ्या म्हटलं नव्हतं. पण बरोबर आहे, तसं वाचलं जातंय. कण्हेर कुणी घेऊ नका.

टेकडीवाली_आजी

मी संभाजीनगरची, वय ६१. रोज पहाटे गोगाबाबाच्या टेकडीवर जाणाऱ्या आमच्या सात जणी. चार वर्षांपूर्वी मी मधल्या दगडावर बसायला लागले. मैत्रिणींना सांगायचे, "तुम्ही व्हा पुढं, मी सूर्य बघते." सूर्य कसला बघते, पुढं पाऊल उचलत नव्हतं. मी ठरवून टाकलं की वय झालं. आपण बायका हे फार पटकन ठरवतो.

मग एका हळदीकुंकवाला हातात वाणाची वाटी घेऊन उभी होते, ती आडवीच झाले. शुद्ध आली तेव्हा कपाळावर कुणीतरी चप्पल धरलेली (फिट आली समजून) आणि अंगभर तीळगूळ. नाडी ३४. मला दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवलं, तरी ३४. जिना दाखवला, तरी ३४. वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचतच नव्हता, पूर्ण ब्लॉक. सायकलवाल्या मुलानं लिहिलंय ना, मागितल्यावर वाढते? माझी मागूनही वाढत नव्हती. सर, तुमची ४२ आणि माझी ३४ या दोन वेगळ्या जातीच्या आहेत.

पेसमेकर बसवला. फुले योजनेत झालं, कागदपत्रांना लेक धावला. गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली काडीपेटीएवढा उंचवटा आहे. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही म्हणाले, तेवढे दिवस सुनेनं वेणी घातली. भांडणं पण तेवढे दिवस बंद होती. फोन मी उजव्या कानाला लावते, ब्लाउजमध्ये ठेवायची सवय मोडली. विमानतळावर दाखवायला कार्ड आहे, विमानात अजून बसले नाही ते सोडा.

भीती वाटत होती तेव्हा नातवानं एक गोष्ट वाचून दाखवली. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला बसवला, वय ४३. तो पहिला काही तासच चालला. पण तो माणूस एकामागून एक सव्वीस बदलत २००१ पर्यंत जगला, ८६ वर्षांचा होऊन. मी म्हटलं, मला दोन-तीन पुरतील.

आता परत टेकडीवर जाते. मधल्या दगडावर अजून बसते, पण आता खरंच सूर्य बघायला.

भाकरीपुरतं

आजी, चपलेचं वाचून हसू का रडू कळेना.

गोदाकाठचा_सायकलवाला

चहाचं काय मग? मी दिवसाला पाच घेतो. सोडायचा का? सगळे म्हणतात धडधड चहानं होते.

भाकरीपुरतं

नांदेडात राहून चहा सोडणार? गुरुद्वाऱ्यासमोरून कसा जाशील रे बाबा?

मुकुंदराजांच्या_गावची

आमच्या आत्याला चहानं काही होत नाही, सुशिल्यात (भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या) शेंगदाणे जास्त झाले की होतं. तो मात्र खरंच गॅस असतो.

कपाशीवाला_जालना

सुशिला आमच्याकडं बी करत्यात पण लातूरवाल्यांचा भारी.

एमडी_मावशी

धागा सुशिल्यावर गेला, छान. सायकलवाले, दोन-तीन कपांनी बहुतेकांना काही होत नाही. आठ दिवस बंद करून बघा, फरक पडला तर तुमचं तुम्हाला कळेल. मला चहापेक्षा तंबाखू आणि अपुरी झोप जास्त सापडते. आणि या दिवसांत पळणाऱ्यांनी नुसतं पाणी ढोसू नये. घामातून मीठही जातं. ओआरएस, ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी चालेल. पळणं उजाडायच्या आत संपवा.

मास्तरीणबाई

नमस्कार. मी या पहाटपळ्यांची बायको. आजच खातं उघडलं.

वजन ६४, बीपी नाही, शुगर नाही, सगळं लिहिलंय. रात्री जेवण झालं की अंगणात "जरा फिरून येतो" म्हणून जातात आणि चिमूटभर तंबाखू मळतात ते लिहिलेलं दिसत नाही. अकरा वर्षं मला माहीत आहे, त्यांना वाटतं मला माहीत नाही. आणि दहावीचे पेपर तपासायचे म्हणून दोन महिने साडेबाराला झोपून साडेचारला उठत होते. दोनच महिने ना, कधीपासून दणके? मावशी, याचा संबंध आहे का?

भाकरीपुरतं

सरांची नाडी आत्ता ४२ नसणार.

एमडी_मावशी

बाई, माझ्या दवाखान्यात नोकरी करता का? संबंध दाट आहे. पण होल्टर करूच.

पहाटपळ्या

नऊ दिवसांनी लिहितोय. घरात काय झालं ते विचारू नका. पुडी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत आहे.

होल्टर सोमवारी लावला. छातीवर चिकटपट्ट्या, वायरी, कमरेला डबी. या उकाड्यात घामानं दोन पट्ट्या सुटल्या, त्या बायकोनं वैद्यकीय टेपनं परत चिकटवल्या. सुट्टीचा जादा वर्ग होता. पहिल्या बाकावरच्या पोरानं शर्टातून वायर बघून विचारलं, "सर, चार्जिंगला लावलं का तुम्हाला?" वर्ग तिथंच संपला. डॉक्टरांनी सांगितलं होतं रोजचं सगळं करा, म्हणून मंगळवारी पहाटे डबीसकट पळालो. दणका जाणवला की बटण दाबायचं आणि वहीत वेळ लिहायची.

निकाल: चोवीस तासांत सुमारे ८२ हजार ठोके. सर्वांत कमी ३७, पहाटे तीनला, झोपेत. सर्वांत जास्त १६१, पळताना. दोन ठोक्यांमधली सर्वांत मोठी विश्रांती १.९ सेकंद, तीही झोपेत. आगाऊ ठोके १,८४६, म्हणजे शंभरात दोनाच्या आसपास. पळतानाच्या पाऊण तासात एकही नाही. टूडी इको आणि थायरॉइड दोन्ही ठीक. घड्याळानं पण त्या रात्री एकदा ३३ दाखवलं होतं. त्याच मिनिटाला कागदावर ६४ होते. एकाआड एक चालू होते, मावशी म्हणाल्या तस्संच.

पण खरी गंमत वहीत आहे. मी सात वेळा बटण दाबलं. चार वेळा कागदावर खरंच आगाऊ ठोका आहे. तीन वेळा काहीच नाही, सरळ रेघोट्या. म्हणजे ते तीन दणके नुसते भीतीचे होते. आणि बाकीचे अठराशे आगाऊ ठोके येऊन गेले तरी मला पत्ता नाही.

डॉक्टर म्हणाले, पळा. झोप सात तास, तंबाखू बंद, सहा महिन्यांनी परत दाखवा. चक्कर आली किंवा पळताना धडधडलं तर लगेच या. तंबाखू सोडून आठवडा झाला, झोप सुधारलीय. दणके रात्रीतून एखाद-दुसरा. घड्याळ झोपताना काढून ठेवतो.

टेकडीवाली_आजी

फार बरं वाटलं रे मास्तरा. परभणीचा हुरडा पाठव हिवाळ्यात.

अर्जुनसाल

घड्याळ काढायचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फक्त नोंद असावी.

मास्तरीणबाई

घड्याळ काढून ठेवतात ते आता मी घालते, चार दिवस झाले. मावशी, माझी बसल्या जागी ९४ दाखवतंय. धडधड पण होते, पण ती मला जिना चढताना नेहमीचीच. हे चांगलं ना? यांच्यासारखी कमी नाही.

एमडी_मावशी

बाई, हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं?

मास्तरीणबाई

मागच्या वर्षी शाळेतल्या शिबिरात. ८.९ होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, मसाल्याच्या डब्यामागं आहेत. यांच्या होल्टरच्या गडबडीत राहिलंच.

पहाटपळ्या

मला हे आत्ता इथं वाचून कळतंय. उद्या सकाळी पळायला जात नाही, हिला घेऊन लॅबला जातो.